कोकण किनाऱ्यावरील जखमी कासवे आणि शिकारी पक्ष्यांच्या उपचारांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. वनमंत्री, मा. मत्स्यव्यवसाय मंत्री व मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), महाराष्ट्र राज्य

महोदय,

आम्ही रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचे कासवमित्र, मच्छीमार, पक्षीनिरीक्षक आणि काही पशुवैद्य आहोत. वाळूवर कासव लागले किंवा मांजात घार लटकली, की गावकरी 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करतात आणि आम्हालाही करतात. वनरक्षक येतो, आम्ही जातो, जीव सोडवला जातो. इथपर्यंतची साखळी बऱ्यापैकी जुळली आहे आणि तिचे श्रेय वनविभागाला मोकळेपणाने द्यायला हवे. पुढचा प्रश्न मात्र दरवेळी नव्याने उभा राहतो: आता याला न्यायचे कुठे?

महाराष्ट्राने कासवांची घरटी राखून दाखवली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली वेळासला हे काम सुरू केले. आज गावोगाव कासवमित्र अंडी हॅचरीत हलवतात, पिल्ले समुद्रात सोडतात. पण हजार पिल्लांतून जेमतेम एखादे मोठे होते असे अभ्यासक सांगतात आणि ऑलिव्ह रिडले मादीला अंडी घालण्याजोगी व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. अशी मादी जाळ्यात पाय कापून घेऊन किनाऱ्याला लागते, तेव्हा अनेक हंगामांची राखण एका दिवशी वाया जाण्याच्या बेतात असते. ओडिशात 2021 मध्ये टॅग लावलेले कासव 2025 साली गुहागरला येऊन अंडी घालून गेले. आपण ज्या मादीवर उपचार करू, ती दोन्ही समुद्रांची असू शकते.

पावसाळ्यात नैऋत्येचे वारे समुद्रातली तुटलेली, टाकून दिलेली जाळी किनाऱ्याकडे लोटतात आणि त्यांत गुरफटलेली कासवेही. दोरा पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला काचत जातो, रक्तपुरवठा तुटतो, मांस कुजते. वरून नुसता सुजलेला दिसणारा पाय आतून हाडापर्यंत कापलेला असतो. फुप्फुसाचा संसर्ग झालेले किंवा पोटात वायू धरलेले कासव एका अंगाला कलून तरंगते. त्याला बुडी मारता येत नाही, म्हणून खाता येत नाही. अशा कासवाच्या पाठीवर बार्नॅकल वाढलेले दिसतात, कारण ते कित्येक दिवस हललेलेच नसते. ते पुन्हा पाण्यात ढकलणे ही सुटका नव्हे, हे किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीला समजावताना आमचा घसा बसतो.

यावर उपचार आहेत. पाय कापावा लागला तरी जखम भरल्यावर कासव तीन पायांनी पोहू शकते, शिकार करू शकते. डहाणूला वनविभागाच्या आवारात स्वयंसेवी संस्था आणि पशुवैद्यांनी मिळून चालवलेले केंद्र हे काम वर्षानुवर्षे करत आले आहे. पण वेंगुर्ल्याहून डहाणू रस्त्याने सहाशे किलोमीटरहून दूर आहे. अर्धमेल्या कासवाला टेंपोत ओल्या गोणपाटावर ठेवून एवढा घाट आणि महामार्ग पार करणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी: रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी एक कायमस्वरूपी उपचार केंद्र उभारावे. भव्य इमारत नको. समुद्राचे पाणी उपसून गाळणारी यंत्रणा आणि वेगवेगळ्या टाक्या हव्यात, कारण कासवे एकत्र ठेवली तर एकमेकांना चावतात. एक्स-रे यंत्र हवे, कारण गिळलेला गळ बाहेरून दिसत नाही. शस्त्रक्रियेची खोली, अखंड वीज, पक्ष्यांसाठी अंधाऱ्या खोल्या आणि लांब उडता येईल असा पिंजरा हवा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर कित्येक वर्षे चालू आहे. जे नागपूरला जमले ते कोकणात जमणार नाही, असे मानायला आम्हाला कारण दिसत नाही.

शिकारी पक्ष्यांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. घार, ब्राह्मणी घार, शिक्रा, गव्हाणी घुबड आणि पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड हे आमचे नेहमीचे रुग्ण. संक्रांतीच्या आगेमागे मांजा, कोळंबीच्या तळ्यांवर पक्ष्यांना अडवायला ताणलेले दोरे, विजेच्या तारा, आणि घरटे असलेले उंच झाड तोडले की खाली पडलेली पिल्ले. नायलॉनचा मांजा पंखाच्या पुढच्या कडेची कातडी कापतो. खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेली ही पातळ कातडी तुटली, की हाड शाबूत असूनही पंख पुरता पसरत नाही. पक्षी फडफडेल तितका मांजा आणखी आत जातो. हाड उघडे पडले असेल तर तासागणिक सुकते आणि मग जोडता येत नाही. लोक मायेने त्याच्या चोचीत पाणी ओततात, दूध-पाव भरवतात. पाणी श्वासनलिकेत जाते आणि पक्षी आमच्या हातात येण्याआधीच दगावतो. भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, अंधार, शांतता आणि लवकरात लवकर पशुवैद्य, एवढेच त्याला हवे असते.

तो पशुवैद्य कुठे आहे, ही आमची दुसरी मागणी. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशी आणि शेळ्यांत पारंगत असतात. घारीला भूल किती द्यावी हे त्यांना शिकवलेले नसेल, तर तो त्यांचा दोष नव्हे. किनाऱ्यालगतच्या प्रत्येक तालुक्यातले किमान दोन पशुवैद्य निवडून त्यांना महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठामार्फत सागरी कासवे आणि शिकारी पक्षी यांवरील उपचारांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावे, आणि हे काम त्यांच्या कर्तव्याचा भाग असल्याचा लेखी आदेश काढावा. आज बरेच जण रजा टाकून, पदरमोड करून येतात. याच प्रशिक्षणात वेदनाशामकांचा धडाही असावा. गिधाडांचा घात करणाऱ्या डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी 2006 साली बंदी आली, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर 2023 साली. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय प्रत्येक दवाखान्यात असलाच पाहिजे.

तिसरी मागणी मच्छीमारांविषयी आहे आणि ती आमच्यातल्या मच्छीमारांनीच मांडली आहे. जाळे कापून संरक्षित सागरी जीव सोडणाऱ्याला जास्तीत जास्त 25,000 रुपये भरपाई देणारी योजना राज्याने डिसेंबर 2018 मध्ये सुरू केली. ती चांगली आहे, तिच्यामुळे वृत्ती बदलली. तिच्यात एक भर घालावी. कासव फुप्फुसाने श्वास घेते. पाण्याखाली जाळ्यात फार वेळ अडकलेले कासव वर येते तेव्हा मेल्यासारखे दिसते: डोळे मिटलेले, मान लुळी. खलाशी ते मेले समजून किंवा बरे होईल या आशेने लगेच समुद्रात सोडतात आणि मग ते खरोखर बुडते. त्याला पालथेच, पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उचलून धरली, सावलीत ओले कापड टाकले, तर तासाभराने, कधी दिवसभराने ते मान उचलते. असे कासव वा जखमी जीव बंदरावर आणून देणाऱ्या नौकेला बुडालेल्या मासेमारीची भरपाई मिळावी आणि तांडेलावर चौकशीचा ससेमिरा लागू नये. ही पद्धत चित्रांसह प्रत्येक बंदरात आणि मच्छीमार सोसायटीत लावावी.

कागदांचा प्रश्नही जिवावर बेततो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 39 नुसार वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. परवानगीशिवाय तो घरी ठेवणे गुन्हा ठरते. हे तत्त्व योग्य आहे. हौशी लोकांनी घुबडाची पिल्ले माणसाळवून त्यांचे रानातले आयुष्य संपवल्याचे आम्ही पाहिले आहे. पण शनिवारी रात्री सापडलेला गरुड सोमवारी सकाळपर्यंत पंचनाम्याची वाट पाहू शकत नाही. प्रशिक्षित कार्यकर्त्यांची तालुकानिहाय यादी करून, त्यांना ओळखपत्र आणि प्रथमोपचार व वाहतुकीची कायमची लेखी अनुमती द्यावी. चोवीस तासांत जीव केंद्राच्या ताब्यात गेलाच पाहिजे, अशी अटही घालावी. ती आम्हाला मान्य आहे.

बरा झालेला जीव सोडण्याचे नियम ठरावेत. घार पिंजऱ्यात एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेली म्हणजे ती शिकार करू शकेल असे नाही. तिने पुन्हा पुन्हा, वळणे घेत, धाप न लागता उडून दाखवले पाहिजे. कासवाने समतोल राखून तळापर्यंत बुडी मारली पाहिजे आणि स्वतः खाल्ले पाहिजे. हा निर्णय पशुवैद्याचा असावा. पाहुण्यांच्या सोयीची तारीख, छायाचित्रे आणि भाषणे यांसाठी तयार जीवाला टाकीत एकही दिवस अडकवू नये, आणि अर्धवट बऱ्यालाही घाईने सोडू नये. सोडताना पक्ष्याला कडी, कासवाला टॅग लावावा. जे कधीच सुटू शकणार नाहीत, त्यांच्याबाबत पशुवैद्य, वन अधिकारी आणि अभ्यासक यांची छोटी समिती असावी. वेदना थांबवण्यासाठी मरण देणे हाही उपचाराचा शेवटचा भाग आहे. तो निर्णय एकट्या कार्यकर्त्यावर रात्री-अपरात्री पडू नये.

आणि प्रत्येक जखमेची नोंद व्हावी: कोणते जाळे, किती आसाचे, कुठे लागले, मांजा कोणता. ही नोंद दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावी. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. विक्रीच्या ठिकाणांवर कारवाई करायला जखमी पक्ष्यांच्या जागा हाच हाताशी असलेला पुरावा आहे. गुजरातेत संक्रांतीच्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालते, त्या धर्तीवर पथक रत्नागिरी, चिपळूण, मालवण, सावंतवाडीत 10 ते 20 जानेवारीदरम्यान नेमावे. फाटकी जाळी टाकायला प्रत्येक बंदरात जागा आणि किलोमागे काही मोबदला द्यावा, म्हणजे ती समुद्रात जाणार नाहीत.

पैशाबाबत एवढेच: औषधे, मासे, मांस आणि वाहतूक यांचा खर्च वर्गणीतून भागवला जातो, हे थांबावे. केंद्रांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष असावे आणि रक्कम पावसाळ्यापूर्वी हातात पडावी.

मासेमारीबंदी 1 जूनला सुरू होते आणि त्यानंतर काही दिवसांतच किनाऱ्यावर कासवे लागू लागतात. म्हणून या मागण्यांवर एप्रिलअखेर रत्नागिरीत बैठक घ्यावी, ही विनंती. आमच्यातर्फे दोन मच्छीमार, एक पशुवैद्य आणि दोन कासवमित्र येतील. केंद्रासाठी पाहिलेल्या सरकारी जागांचे नकाशे आणि खर्चाचा अंदाज ते सोबत आणतील.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील वन्यजीव बचाव कार्यकर्त्यांची संघटना