रात्री हत्ती कुठे असतो?

पवनाकाठच्या तंबूत रात्र काढायला माणसे येतात, हे मावळात नवे नाही. आता आमच्या लोणावळ्याच्या नातेवाइकांत हत्तींच्या आश्रयस्थानी मुक्कामाला जायचा बेत शिजतो आहे. पैसे भरण्याआधी तिथे एकच गोष्ट विचारा, असे आम्ही सांगितले: रात्री हत्ती कुठे असतो?

पाठीवर बसवत नाहीत, खेळ करायला लावत नाहीत, एवढ्याने भागत नाही. हत्ती रात्री थोडाच वेळ झोपतो. बाकी वेळ चरतो, हिंडतो. पाहुणे गादीवर आणि तो साखळीला, तर 'आश्रयस्थान' ही नुसती पाटी.

कोल्हापूरच्या ज्योतिबा देवस्थानचा सुंदर हत्ती वारणानगरच्या शेडमध्ये साखळदंडात होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे जून २०१४ मध्ये तो बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पोहोचला. तिथे त्याला इतर हत्तींची सोबत मिळाली.

आपल्या मुलांना सूरह फील तोंडपाठ असते. त्यांना मांजरीची हदीसही सांगावी. त्या बाईने मांजर कोंडले, खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खायला सोडलेही नाही. त्यापायी ती शिक्षेस पात्र ठरली. आम्हाला त्यातले 'सोडलेही नाही' फार मोठे वाटते. उसाच्या मोळ्या पुढ्यात टाकल्या तरी हत्तीचे हिंडणे राहतेच.

"हात लावू देत नाही, लांबूनच दाखवतो," असे कुणी म्हणाले तर मुले हिरमुसतील. पण ती जागा बहुधा बरी असते.