रुग्णालयालाही सांडवा हवा

29 नोव्हेंबर 2024 रोजी सडक अर्जुनी तालुक्यात एस. टी. महामंडळाची शिवशाही बस उलटली आणि 11 प्रवाशांनी प्राण गमावले. जखमींना गोंदियाच्या रुग्णालयात आणावे लागले. अशा दुर्घटनेनंतर चालकाचा वेग, रस्त्याचे वळण आणि नुकसानभरपाईची रक्कम यांची चर्चा चार दिवस होते आणि विरून जाते. आम्हांस आज निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. एकाच घटकेला वीस-पंचवीस जखमी ज्या दारातून आत न्यावयाचे, ते दार आणि त्यामागचा अपघात विभाग अशा दिवसाचा विचार करून बांधलेला असतो काय?

हा प्रश्न आज विचारण्यास कारण आहे. 2016 साली गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय या जुन्या संस्थांच्या आश्रयाने. महाविद्यालयाच्या स्वतंत्र इमारतीची कोनशिला फेब्रुवारी 2024 मध्ये बसविण्यात आली. सरकारी इमारत एकदा उभी राहिली की ती पन्नास वर्षे तरी हलत नाही. तिच्या भिंती आज जेथे घातल्या जातील तेथेच आपल्या नातवंडांच्या पिढीलाही उपचार घ्यावे लागतील. म्हणून तिच्या अपघात विभागाविषयी नागरिकांनी वेळीच बोलावयास हवे.

आपल्या जिल्ह्याचे संकट मुंबई-पुण्याच्या संकटासारखे नाही. देवरी-कोहमाऱ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरील मोठे जंक्शन आहे. पावसाळ्यात धानाच्या बांधीत राबणाऱ्यांना सर्पदंश होतात. मण्यार रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. त्याच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पण प्रतिविषाबरोबर यंत्राने श्वास चालू ठेवता आला तर तोच माणूस उठून घरी जातो. पूर्व विदर्भातील सिकलसेलचे रुग्ण तीव्र वेदनांनी तळमळत अवेळी येतात. मे महिन्यात उष्माघाताचे रुग्ण असतात. सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यातून अडलेल्या बाळंतिणी येतात, सीमेपलीकडच्या बालाघाटमधूनही रुग्ण येतात. येथे उपाय चालला नाही तर पुढचा मार्ग नागपूरचा. रेल्वेने ते अंतर सुमारे 130 किलोमीटर आहे. श्वास कोंडलेल्या माणसाला ते फार लांब पडते.

आणि हे चित्रही स्थिर राहणारे नाही. 2019 साली कोणी रुग्णालयाचा नकाशा काढला असता तर त्यात 2020 च्या साथीला जागा कोठून असणार? 2020 च्याच ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. पुढचे संकट कोणत्या रूपाने येईल हे कोणताही वास्तुशिल्पी सांगू शकणार नाही. त्याने एवढेच करावे, की ते आल्यावर इमारतीला आपले रूप पालटता यावे.

ही विद्या आपल्या मुलखाला परकी नाही. कोहळी पूर्वजांनी बांधलेले मामा तलाव आजही या जिल्ह्यातील शेती भिजवतात. त्यांनी तलाव बांधला तो नेहमीच्या पावसाचा हिशेब धरून. परंतु पाळ घालतानाच सांडवाही ठेवला. अतिवृष्टीचे वर्ष कधी येईल हे त्यांना ठाऊक नव्हते, ते येणार एवढे ठाऊक होते. सांडव्याविना बांधलेला तलाव पहिल्या मोठ्या पावसात पाळीसकट वाहून जातो. आमच्या रुग्णालयांना हा सांडवाच नसतो. खाटा भरल्या की रुग्ण व्हरांड्यात येतात आणि तेथे ना प्राणवायूची नळी असते, ना विजेचे बटण.

अमेरिकेत शिकागो येथील रश विद्यापीठाच्या रुग्णालयाची नवी इमारत 2012 साली सुरू झाली. तिच्या प्रवेशदालनातील खांबांतच प्राणवायूच्या जोडण्या झाकून ठेवल्या आहेत आणि अपघात विभागाचे भाग एकमेकांपासून तोडता येतात. आठ वर्षांनी, 2020 साली साथ आली तेव्हा ती पूर्वतयारी कामास आली. आमच्याकडे शिकागोचा पैसा नाही, हे खरे. परंतु भिंत बांधतानाच व्हरांड्यात आणि प्रतीक्षागृहात प्राणवायूची व विजेची वाहिनी टाकून ठेवण्यास फार मोठा खर्च येत नाही. तीच वाहिनी पुढे भिंती फोडून टाकावयाची म्हटले तर खर्च वाढतो आणि विभागही बंद ठेवावा लागतो.

आमच्या अपेक्षा साध्या आहेत. अपघात विभाग तळमजल्यावर, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर असावा. रुग्णवाहिकेची वाट वेगळी आणि चालत येणाऱ्यांची वेगळी असावी. दारातच रुग्णाची पारख करून त्याला तातडीप्रमाणे पुढे पाठविण्याची सोय असावी. आतल्या भिंती हलक्या, हलविता येण्याजोग्या असाव्यात. साथीच्या काळात स्वतंत्र दार व स्वतंत्र हवा असलेला भाग तोडता यावा. शेजारची जागा वाढीसाठी मोकळी राहावी. तेथे उपाहारगृहे आणि दुकाने उभी राहू नयेत. विजेची दुसरी सोय आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांत तर तडजोड नकोच. 9 जानेवारी 2021 च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयात आगीने 10 नवजात बालकांचा बळी घेतला. 1999 पर्यंत आपण त्याच जिल्ह्याचे होतो. ते दुःख आपल्या घरचेच आहे.

यावर कोणी म्हणेल, येथे डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असताना भिंतींचे काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे. विटा कोणाला बऱ्या करीत नाहीत. परंतु डॉक्टर पुढच्या वर्षीही नेमता येतील, चुकलेली भिंत पुढच्या वर्षी दुरुस्त होणार नाही. पैशाच्या सबबीचे उत्तर तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. 1992 साली बंगालमध्ये आगगाडीतून पडलेल्या एका मजुराला अनेक सरकारी रुग्णालयांनी जागा वा सोय नाही म्हणून परत पाठविले. त्या खटल्यात 1996 साली न्यायालयाने बजावले, की तातडीचा उपचार देणे हे शासनाचे घटनात्मक कर्तव्य असून द्रव्याभावाचे कारण सांगून ते टाळता येणार नाही.

शेवटी एक सूचना. नकाशे मुंबईच्या वा नागपूरच्या कचेरीत मंजूर होतात. रात्रपाळीची परिचारिका आणि स्ट्रेचर ओढणारा कक्षसेवक यांना ते कोणी दाखवीत नाही. शाळेच्या मैदानावर गुरुजी चुन्याच्या रेघा मारून खेळ मांडतात, तसा हा विभाग एखाद्या मैदानावर पूर्ण आकारात आखावा आणि या माणसांना त्यातून स्ट्रेचर नेऊन पाहू द्यावे. कोणत्या वळणावर ते अडते हे एका सकाळीत कळेल. चुन्याची रेघ पायाने पुसता येते, भिंत पुसता येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. निदान या एका इमारतीपुरती ती मोडावी, एवढीच लोकप्रतिनिधींना आणि अधिष्ठात्यांना आमची आग्रहाची विनंती आहे.