गंगावन ते एक्स्टेन्शन

अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलींना 'गंगावन' म्हणजे काय ते विचारून बघा. माझ्या लेकीला ते नदीकाठच्या जंगलाचं नाव वाटलं! पण लग्नासाठी तिनं जे केसांना जोडून घेतलं, ते गंगावनच. फक्त त्याचं नाव 'एक्स्टेन्शन' होतं, आणि बिल बघून तिच्या बाबांनी दोनदा चष्मा पुसला.

लग्नाच्या पाच महिने आधी एका सलूनमध्ये तिनं 'टेप-इन' केस बसवून घेतले. यात आपल्या केसांची पातळ बट दोन चिकटपट्ट्यांमध्ये धरतात आणि जोडलेले केस खाली लोंबतात. आपले केस वाढले की पट्ट्या खाली सरकतात, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी त्या काढून पुन्हा वर लावायच्या. पहिल्या दिवसापासून तिचं डोकं ओढल्यासारखं दुखे. 'होईल सवय,' असं सलूनमध्ये सांगितलं, आणि खरं सांगते, मीही तेच म्हटलं. लग्नाला महिना उरला असताना पट्ट्या काढल्या, तर दोन्ही कानशिलांवर क्वार्टरएवढी जागा मोकळी! पोर ढसाढसा रडली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, 'ट्रॅक्शन ॲलोपेशिया'. म्हणजे सतत ओढ बसून केस जाणं. ओढ वेळीच थांबवली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिली तर मूळच कायमचं जातं. घट्ट वेण्या घालणाऱ्या किंवा डोक्यावर केस शिवून घेणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांना हा त्रास फार होतो. भरतनाट्यम शिकणाऱ्या आपल्या मुलींच्या आयांनीही लक्ष ठेवावं. घट्ट वेणी, त्यात जड खोटी वेणी, आणि वर तासन्‌तास सराव. डोकं दुखत असेल तर तिला सवय लावू नका, वेणी सैल करा.

घरी आल्यावर मला माझ्या आईचं गंगावन आठवलं. विंचरताना निघालेलं गुंतवळ ती एका डब्यात साठवायची. पुरेसं झाल्यावर त्याचंच तिनं गंगावन करून घेतलं होतं. सकाळी ते पेडात गुंफायचं आणि रात्री सोडून खुंटीला टांगायचं. या नियमाला सुट्टी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी वेगळं काय सांगितलं? डोक्याला विश्रांती द्या!

म्हणून एखाद्या समारंभापुरते केस हवे असतील तर 'क्लिप-इन' घ्या, आणि झोपण्यापूर्वी काढा. टेपचे, शिवलेले किंवा केराटिनने चिकटवलेले केस महिनोन्‌महिने डोक्यावर राहतात, त्यामुळे आपले केस विरळ असतील तर ते टाळलेलेच बरे. घेतलेच तर मुळाशी तेल लावू नका. आईच्या हातचं खोबरेल चोपडलंत तर टेप सुटून केस उशीवर! विंचरताना टोकाकडून वर जा, ओले केस घेऊन झोपू नका, रात्री सैल वेणी घाला. कृत्रिम केसांना इस्त्री लावण्याआधी वेष्टन वाचा, कारण पुष्कळसे वितळतात.

खरे केस घेताना 'रेमी' आहेत का ते विचारा. रेमी म्हणजे सगळ्या केसांची मुळं एका बाजूला, टोकं दुसऱ्या बाजूला. बोटांच्या चिमटीतून मुळाकडून टोकाकडे ओढलं की गुळगुळीत लागतं, उलट ओढलं की खरखरीत. लहानपणी दारावर बायका यायच्या, गुंतवळ घेऊन सुया नाहीतर फुगे द्यायच्या, आठवतं? अशा गुंतवळात मुळं-टोकं एक झालेली असतात. कारखान्यात आम्लानं वरचे खवले काढतात आणि सिलिकॉनचा थर देतात. दुकानात चमकतात, पण चार धुण्यांनंतर घरट्यासारखे गुंततात.

रेमी केसांतले बरेचसे तिरुपतीच्या मुंडनाचे. भक्त केस वाहतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं. 2004 साली तर या केसांवरून इथे ब्रुकलिनमध्ये होळ्या पेटल्या! सनातनी ज्यू विवाहिता डोकं झाकायला टोप घालतात. त्यातले केस दुसऱ्या देवाला वाहिलेले, म्हणून निषिद्ध, असा निर्णय धर्मगुरूंनी दिला आणि बायकांनी महागडे टोप जाळले. 2020 च्या जुलैमध्ये आमच्या न्यू जर्सीच्या बंदरावर सुमारे तेरा टन केसांचा चिनी माल अडवला गेला. तो सक्तीच्या मजुरीतून आल्याचा संशय होता. तेव्हा केस कुठून आले हे दुकानदाराला जरूर विचारा. कुणाच्या तरी डोक्यावरचे आहेत ते.

लग्नात शेवटी काय केलं? माझ्या बॅगेच्या तळाशी आईचं गंगावन होतं. लेकीच्या केसांशी रंग काही जुळेना. पण अंबाड्याच्या आत गेलं, वर गजरा आला, कुणाला कळतंय! रात्री तिनं ते स्वतः सोडलं आणि विचारलं, "आई, हे खरंच आजीचे केस?"

आता कानशिलांवर दोन बोटं केस आलेत. गंगावन मात्र तिनं परत दिलेलं नाही.