पहिला पर्याय भीतीने भरू नका



गेल्या वर्षी शिरवळच्या एसटी स्टँडजवळ एका नेट कॅफेत आपल्या एका मुलीचा इंजिनिअरिंगचा पर्याय अर्ज भरला गेला. 'भरला गेला' असंच म्हणतो, कारण तो तिने भरलाच नाही. कॉलेजांची नावं चुलत्याने सांगितली, क्रम कॅफेवाल्याने लावला आणि तिने फक्त मोबाईलवरचा ओटीपी वाचून दाखवला. पहिल्या क्रमांकावर घराजवळचं खासगी कॉलेज. पुण्यातलं सरकारी कॉलेज चौथ्या क्रमांकावर. का? तर "तिथं आपल्याला कोण घेतंय?"

पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला. घरी पेढे आले. नंतर त्या फेरीचा कटऑफ पाहिला, तर पुण्याच्या त्याच सरकारी कॉलेजात, तिला हव्या असलेल्या शाखेत, अनुसूचित जातीची शेवटची जागा तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवर गेली होती. दुसऱ्या फेरीत बदल करता येईल का, हे विचारायला ती माझ्याकडे आली. येणार नव्हता. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठते.

या मुलीचं आरक्षण कुणी हिसकावलं नव्हतं. मार्क कमी नव्हते. तिला तिच्या हक्काच्या जागेपासून दूर ठेवलं ते आपल्याच माणसांच्या सल्ल्याने. म्हणून हा लेख व्यवस्थेवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे.

यंत्र कसं चालतं

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. मोठं कॉलेज पहिलं टाकलं आणि ते हुकलं, तर खालच्या कॉलेजातही नंबर मागे जातो. म्हणून 'नक्की मिळणारं' पहिलं टाकावं. हा समज चूक आहे.

कॅप फेरीत आधी मेरिट बघितलं जातं. तुमचा नंबर आला की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो. पहिल्या कॉलेजात जागा नसेल तर दुसरं, दुसऱ्यात नसेल तर तिसरं. आठव्या क्रमांकावर लिहिलेल्या कॉलेजासाठीही तुमचं मेरिट तेवढंच राहतं, जेवढं ते पहिल्यावर लिहिलं असतं तर राहिलं असतं. म्हणजे हवं ते कॉलेज वर लिहिण्याची किंमत शून्य आहे. नको ते वर लिहिण्याची किंमत मात्र त्या मुलीने मोजली.

२०२५-२६ च्या नियमांत इंजिनिअरिंगच्या पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तर तो बंधनकारक होता. त्याच वर्षापासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला. तिथेही दहा पर्याय भरता येतात आणि पहिला मिळूनही तो घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे बांधून टाकणारा हा निर्णय आता पंधराव्या-सोळाव्या वर्षीच दारात येतो, आणि तो पुण्या-मुंबईच्या पोरांपुरता राहिलेला नाही.

भीती कुठून येते

वरच्या थरातल्या घरात मुलगा दहावीत असतानाच चर्चा सुरू होते. मामा एका कॉलेजात शिकलेला असतो, आत्या दुसऱ्यात शिकवत असते. आपल्या बहुतेक घरांत हा अर्ज भरणारं ते पहिलंच पोर असतं. त्याला विचारायला माणूस नसतो, म्हणून तो नेट कॅफेवाल्याला विचारतो. कॅफेवाल्याला दिवसाला चाळीस अर्ज उरकायचे असतात.

पण सगळं अज्ञानावर ढकलून चालणार नाही. "आपल्याला कोण घेतंय" हे वाक्य अज्ञानातून येत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर उभं राहिलेल्या माणसाचं वाक्य आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच सातारा जिल्ह्यात, राजवाड्यातल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या मुलाने पुढे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ गाठलं. 'जवळचं, नक्की मिळणारं' हा हिशोब बाबासाहेबांनी केला असता तर? जयंतीला त्यांच्या पदव्या मोजायच्या आणि जुलैत पोरीला म्हणायचं, "लांबचं नको." हे जमत नाही, मित्रांनो.

खर्चाचं उत्तर आधी काढा

चुलत्याची एक शंका मात्र खरी होती: पुण्याचा खर्च कोण करणार? पहिला पर्याय बंधनकारक असल्यामुळे हा प्रश्न जागा लागल्यावर सोडवायचा नसतो. तो मे महिन्यातच घरात बसून सोडवायचा असतो.

कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याच्या वर असेल तर फ्रीशिप आहे. आधी समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी अर्ज करायचा. तिथे जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, पुण्यासाठी वर्षाला ६० हजार रुपये. हप्ते उशिरा येतात, हेही घरात सांगून ठेवा. पहिल्या सहा महिन्यांचे पैसे हाताशी लागतात, आणि तिथे वस्तीने, विहाराने, नोकरीला लागलेल्या भावंडांनी पुढे व्हायचं असतं. डीजेची वर्गणी जमते, तर हीसुद्धा जमेल.

आणखी एका सापळ्यापासून सावध राहा. निकालाच्या आधीच फोन येतात: "आत्ता ॲडव्हान्स भरा, जागा पक्की." व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. घाईत पक्की केलेली ती जागा बापाला चार वर्षं सावकाराच्या दारात उभं करते. "या जागेला शिष्यवृत्ती लागू आहे का?" एवढा प्रश्न लेखी विचारा. फोन करणारा गप्प बसला की उत्तर मिळालं.

कागद आणि कॅटेगरी

खरी घाई करायची असेल तर ती जात पडताळणीची करा. वैधता प्रमाणपत्र ऐन वेळी नसेल, तर मेरिट असूनही राखीव जागा हातची जाते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, गावची जुनी नोंद शोधायला महिने जातात. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने १९९० मध्ये दिल्या, पण पडताळणीत जुनी जातीची नोंद दाखवावीच लागते. त्यामुळे अकरावीला प्रवेश झाला की बारावीची वाट न बघता कागद जमवायला लागा.

"मार्क चांगले आहेत, मग कॅटेगरी कशाला लावतोस?" असं सांगणारे शहाणेही भेटतील. त्यांना सांगा, १९९६ मध्ये रितेश शाह प्रकरणात, जे महाराष्ट्रातल्याच वैद्यकीय प्रवेशांचं होतं, सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. मागासवर्गीय विद्यार्थी स्वतःच्या मेरिटवर खुल्या यादीत बसत असेल, तर तो राखीव कोट्यात मोजला जात नाही. आणि तरीही राखीव जागेतून त्याला पसंतीचं कॉलेज मिळत असेल, तर तो पर्याय त्याच्याकडे राहतो. कॅटेगरी लपवणं म्हणजे हातातलं साधन आपणच टाकून देणं.

जवळचं म्हणजे कमी नव्हे

मी मोठ्या शहराच्या नावाची पूजा करायला सांगत नाही. शिरवळलाच बघा. इथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, पण त्याची प्रक्रिया एमबीबीएसपेक्षा वेगळी असते आणि अर्जही वेगळा भरावा लागतो. आसपासच्या वस्त्यांमधली नीट दिलेली जी पोरं मला भेटली, त्यांतल्या कित्येकांना हे माहीतच नव्हतं. रोज त्या गेटवरून एसटीने जातात, अर्ज मात्र कधी केला नाही. एमबीबीएस हुकलं की "नीट वाया गेली" म्हणून घरी बसतात.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेली जनावरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं. ज्या घरांवर गावाने मेलेलं जनावर लादलं, त्या घरातली नात पदवी घेऊन जिवंत जनावराची डॉक्टर होते आणि गोठ्याचा मालक हात जोडून तिला बोलावतो, यापेक्षा मोठं उत्तर कोणतं? ते कॉलेज घराजवळ आहे म्हणून पहिलं लिहू नका. तुम्हाला तेच व्हायचं असेल, तर मात्र बिनधास्त पहिलं लिहा.

पसंतीचा क्रम हा तुमच्या इच्छेचा क्रम असतो, एवढंच माझं म्हणणं आहे. मिळण्याच्या शक्यतेचा विचार यादीच्या लांबीत करा: वर हवी ती कॉलेजं, खाली नक्की मिळणारी भरपूर. जिथे जागा लागली तर खरोखर जाणार नाही, ते कॉलेज लिहूच नका.

कार्यकर्त्यांना एकच विनंती. यंदा मे-जूनमध्ये प्रत्येक विहारात एक रविवार ठेवा. मागच्या वर्षीचे कटऑफ छापून भिंतीला लावा. त्या त्या कॉलेजात शिकणारी आपली मुलं बोलवा. तिथलं वसतिगृह कसं आहे, जातीवरून त्रास झाला तर पाठीशी कोण उभं राहतं, हे त्यांच्याच तोंडून ऐका. मग अर्ज भरा. पोराच्या हातून भरा, कॅफेवाल्याच्या नव्हे.

ती मुलगी आज त्याच खासगी कॉलेजात मन लावून शिकते आहे. या जूनमध्ये वस्तीतल्या तीन मुलांचे अर्ज तीच भरून घेणार आहे. तिने मला सांगितलं, "दादा, पहिला नंबर मी त्यांनाच लिहायला लावणार."

जय भीम!