शिकाऊ जागा कोणाच्या हाती?

घोडबंदर रोडच्या नावातच बंदर आहे. अरबस्तानातून आलेले घोडे खाडीच्या मार्गाने येथे उतरविले जात, म्हणून हे घोडबंदर, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी याच खाडीच्या आश्रयाने स्वराज्याचे आरमार बांधावयास प्रारंभ केला. आज या रस्त्यावर दिसतात ते न्हावा-शेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनरचे ट्रेलर. गायमुखच्या घाटात ते अडकले की मागे कासारवडवली, वाघबीळ, पातलीपाड्यापर्यंत वाहने खोळंबतात आणि त्या खोळंब्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी भरलेली ठाणे परिवहनची बसही उभी असते. जगाच्या व्यापाराचा माल ज्या रस्त्याने जातो, त्याच रस्त्यावरच्या तरुणाला त्या व्यापाराच्या जहाजावर पाय ठेवावयाचा असेल, तर त्याच्यापुढे कोणती वाट आहे, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

हा तरुण कोण आहे? गेल्या काही दशकांत या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, टोलेजंग गृहसंकुले उभी राहिली आणि त्यांच्या सावलीत जुन्या गावठाणांतील चाळींमध्ये, बैठ्या घरांमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या भाड्याने देण्याचा नवा धंदा उभा राहिला. चौघांनी मिळून एक खोली घ्यावयाची, अनामत रकमेसाठी घरून पैसे मागवावयाचे, दुपारी वडापाव आणि रात्री डबा, हा येथील विद्यार्थिजीवनाचा क्रम आहे. कोणी कोकणातून येतो, कोणी मराठवाड्यातून किंवा खानदेशातून. कोणी वागळे इस्टेटमधील कामगाराचा मुलगा असतो. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी हाती येते तेव्हा कारखान्यातील कायम नोकरी दुर्मिळ झालेली असते. कंत्राटी पद्धतीवर अल्प वेतनात काम करावे, की आणखी एक वर्ष शिकून समुद्रावर जावे, असे दोनच पर्याय त्याला दिसतात. दुसऱ्या पर्यायाच्या जाहिरातीत पगाराचे आकडे डॉलरमध्ये असतात.

हा दुसरा पर्याय म्हणजे यांत्रिकी पदवीधरांसाठी असलेला सागरी अभियांत्रिकीचा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम. नौकानयन महासंचालनालयाच्या मान्यतेने तो चालतो. भारतीय सागरी विद्यापीठ २००८ मध्ये स्थापन झाले आणि मुंबईत त्याचे केंद्र आहे. तथापि या शिक्षणाचा मोठा भाग आज खासगी संस्थांच्या हाती आहे. मुंबईच्या शिक्षणार्थीने जहाजाचे इंजिन शिकण्यासाठी समुद्राकडे पाठ फिरवून लोणावळ्याचा घाट चढावा, हे या व्यवस्थेचे एक चमत्कारिक वैशिष्ट्य आहे. पण खरी अडचण अंतराची नाही. फी भरून, वर्षभर वसतिगृहात राहून, परीक्षा उत्तीर्ण होऊनही हा पदवीधर जहाजाचा अभियंता होत नाही, ही आहे. त्यासाठी त्याने शिकाऊ म्हणून किमान सहा महिने प्रत्यक्ष जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम केले पाहिजे. त्यानंतरच तो चौथ्या वर्गाच्या सक्षमता प्रमाणपत्राच्या परीक्षेस बसू शकतो. ते प्रमाणपत्र नसेल तर पदव्युत्तर पदविका हा केवळ एक कागद होय. आणि ती सहा महिन्यांची शिकाऊ जागा द्यावयाची की नाही, हे शासन ठरवीत नाही, विद्यापीठ ठरवीत नाही; जहाज कंपनी ठरविते.

येथूनच एका वर्गात दोन वर्ग निर्माण होतात. ज्यांना प्रवेशापूर्वीच एखाद्या कंपनीने निवडले आहे, त्यांचे जहाज ठरलेले असते. इतरांनी तीच फी भरलेली असते, तेच लेथ आणि तेच पंप हाताळलेले असतात; परंतु दीक्षांत समारंभानंतर ते पुन्हा घोडबंदर रोडवरच्या त्याच खोलीत परततात. मग प्रमाणपत्रांची फाईल घेऊन बेलापूर आणि अंधेरी येथील भरती कार्यालयांच्या फेऱ्या सुरू होतात. महिने उलटतात, पुढची तुकडी बाहेर पडते, ताज्या उमेदवारांपुढे जुना उमेदवार मागे पडतो. बँकेचे घड्याळ मात्र थांबत नाही. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित योजनेनुसार अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षाने हप्ते सुरू होतात; जहाज मिळाले किंवा न मिळाले, याच्याशी बँकेला कर्तव्य नसते. ही कुचंबणा हेरूनच दलाल पुढे येतो आणि शिकाऊ जागेची किंमत सांगतो.

अशी किंमत मागणे हा गुन्हा आहे, हे सर्वप्रथम स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम कराराने खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेण्यास मनाई केली आहे. भारताने २०१५ मध्ये या कराराला मान्यता दिली. देशातील भरतीविषयक नियमही तेच सांगतात. कायदा आहे, करार आहे आणि त्यांची अंमलबजावणी करणारे महासंचालनालय ठाण्याहून चार स्थानकांवर कांजूरमार्गला आहे. तरीही कर्ज काढून दलालाला पैसे देणारा बाप तक्रार करीत नाही. कारण तक्रार केली तर मुलाचे नाव बाजारात काळ्या यादीत जाईल, अशी भीती त्याला वाटते. जेथे हक्काची जागा कृपेची जागा होते, तेथे कायदा पुस्तकातच राहतो.

ही अवस्था अपरिहार्य होती काय? इतिहास तसे सांगत नाही. इंग्रजी राजवटीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील माणसे मुंबईच्या जहाजांवर डेकवर राबत. अधिकाऱ्यांच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव असल्यासारख्याच होत्या. त्या मक्तेदारीविरुद्ध राष्ट्रीय चळवळीने आवाज उठविला. १९२३ मध्ये भारतीय व्यापारी नौदल समिती नेमली गेली आणि १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरीन’ या प्रशिक्षण जहाजावर हिंदी तरुणांचे शिक्षण सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये कलकत्ता व मुंबई येथे सागरी अभियांत्रिकी प्रशिक्षणाचे संचालनालय निघाले. १९६१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रात भारतीय नौवहन महामंडळ स्थापन झाले. शिक्षण शासनाचे आणि जहाजेही शासनाची, अशी ती साखळी होती. तिच्यात दोष होते, जागा थोड्या होत्या. परंतु शिकविणारा आणि जहाज देणारा या दोघांनाही लोकसभेत जाब विचारता येत असे.

या साखळीला आणखी एक कडी होती आणि ती ठाण्याच्या कामगाराला जवळची होती. मान्यताप्राप्त कारखान्यात उमेदवारी केलेला तरुण कनिष्ठ अभियंता म्हणून जहाजावर जाऊ शके. बंदराच्या आणि गोदीच्या कार्यशाळा या त्याच्या शाळा होत्या. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक, वागळे इस्टेट, ठाण्यात उभी राहिली. पोखरण रोड, कोलशेत, माजिवडे या भागांत कारखान्यांचे भोंगे वाजत. तेथे फिटर, टर्नर घडत. त्यांतील अनेक कारखाने बंद झाले, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. जे कौशल्य मजुरी घेत शिकता येत होते, ते आता फी भरून विकत घ्यावे लागते. कारखाना गेला तेव्हा केवळ बापाची नोकरी गेली नाही. मुलाची फुकट शाळाही गेली. कारखान्यांच्या जमिनींच्या व्यवहाराचा हिशेब मांडताना ही हानी कोणी धरली नाही.

१९९० नंतरच्या दशकात सागरी शिक्षणाचे दरवाजे खासगी संस्थांना खुले झाले. जागा वाढल्या, हे खरे आहे. या धोरणाचे समर्थक विचारतात की, खासगी संस्था नसत्या तर एवढ्या तरुणांनी शिकावयाचे कोठे? हा युक्तिवाद वर्गातील बाकाला जहाजावरील जागा समजतो. बाके वाढविणे सोपे आहे, कारण प्रत्येक बाकामागे फी आहे. जहाजावरील शिकाऊ जागा वाढविणे कंपनीला खर्चाचे वाटते. परिणामी, बाके आणि जहाजे यांच्यामधील तफावतीचा सगळा भार विद्यार्थ्याच्या खांद्यावर पडतो. दुसरा आक्षेप असा की, पुढे डॉलरमध्ये कमावणाऱ्याने शिक्षणाचा खर्च सोसावयास काय हरकत आहे? हरकत एवढीच की, तो खर्च आज सोसतो आणि कमाई कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहते. शिवाय समुद्रावरील नोकरी म्हणजे सुरक्षित संपत्ती नव्हे. पनामा, लायबेरिया यांसारख्या सोयीच्या ध्वजाखाली फिरणाऱ्या जहाजांचे मालक दिवाळे काढून खलाशांना परक्या बंदरात, वेतनाविना सोडून देतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये असे तीन हजारांहून अधिक खलाशी वाऱ्यावर सोडले गेले आणि त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती.

कंपन्यांवर शिकाऊ जागांचे बंधन घालता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी देशाचाच आयकर कायदा वाचावा. २००४ पासून भारतीय जहाज कंपन्यांना टनेज कराची सवलत मिळते. म्हणजे प्रत्यक्ष नफ्याऐवजी जहाजांच्या आकारमानावर ठरणाऱ्या नाममात्र उत्पन्नावर त्या कर भरतात. या सवलतीच्या बदल्यात ठरावीक प्रमाणात शिकाऊ अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची अट त्यांच्यावर घातली गेली. तत्त्व अगदी योग्य होते: जनतेचा कर सोडावयाचा, तर जनतेच्या मुलांना शिकवावे. पण अट मोडल्यास सवलत केव्हा जावयाची? सलग पाच वर्षे अट पाळली नाही, तर. कर्जाचा हप्ता एक वर्षानंतर सुरू होणाऱ्या विद्यार्थ्याला एवढी दीर्घ सवलत कोणी दिली आहे? शिवाय ही अट भारतीय कंपन्यांपुरतीच आहे. मोठ्या संख्येने भारतीय अधिकारी आणि खलाशी ज्या परदेशी ध्वजाच्या जहाजांवर काम करतात, त्या जहाजांच्या मालकांना येथील तयार मनुष्यबळ हवे असते. ते घडविण्याची जबाबदारी मात्र नको असते.

अशा वेळी सार्वजनिक जहाजे वाढवावयास हवी होती. त्याऐवजी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय नौवहन महामंडळातील शासनाचा हिस्सा विकण्यास तत्त्वतः मान्यता दिली. दुसरीकडे, २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या पालघरमध्ये ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराची २०२४ मध्ये पायाभरणी झाली. किनाऱ्यावरील मच्छीमार आपली मासेमारी बुडेल म्हणून विरोध करीत असताना, त्यांना आणि सर्व जिल्ह्याला रोजगाराची आश्वासने दिली जात आहेत. बंदराचा काँक्रीटचा धक्का झाला म्हणजे कोळ्याच्या मुलाला जहाज मिळते, असे समजणाऱ्यांनी घोडबंदर रोडवरच्या एका खोलीत जाऊन यावे. तेथे पदविका घेऊन बसलेले तरुण बंदराची नव्हे, जहाजावरील जागेची वाट पाहत आहेत.

म्हणून मागण्या नेमक्या असावयास हव्यात. कोणत्याही संस्थेला जेवढ्या शिकाऊ जागांची लेखी हमी आहे, तेवढेच प्रवेश देण्याची परवानगी असावी; हमीविना घेतलेल्या प्रवेशाची फी परत करावी लागावी. टनेज कराचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने किती शिकाऊ घेतले, याची यादी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी आणि अट मोडणाऱ्याची सवलत पुढच्याच वर्षी जावी. भारतात भरती करण्याचा परवाना परदेशी मालकांच्या एजंटांना देताना, भरतीच्या प्रमाणात शिकाऊ जागा देण्याची अट त्यात असावी. नौवहन महामंडळ सार्वजनिक क्षेत्रात राहावे आणि त्याच्या जहाजांवरील जागांचे वाटप गुणवत्ता व आर्थिक स्थिती पाहून, उघड यादीने व्हावे. शिकाऊ जागा मिळेपर्यंत शैक्षणिक कर्जाची वसुली आणि व्याज थांबवावे. ठाण्यात बंद कारखान्यांच्या जमिनींवर घरे बांधून नफा झाला आहे. त्यातून विद्यार्थ्यांसाठी सार्वजनिक वसतिगृह आणि कार्यशाळा उभारण्यास महापालिकेला आणि राज्य शासनाला भाग पाडावे.

या मागण्या निवेदनाच्या कागदावर राहू नयेत, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. मानपाडा ते ओवळा या पट्ट्यात जहाजाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद कोणत्याही कार्यालयात नाही. शाखांनी ती घरोघर जाऊन करावी. दलालाला पैसे दिलेल्या पालकांना एकेकटे महासंचालनालयात पाठवू नये. तक्रारी एकत्र कराव्यात आणि त्यांच्याबरोबर विद्यार्थी संघटनेने व खलाशांच्या युनियनने जावे. एकट्या तक्रारदाराचे नाव काळ्या यादीत टाकता येते. शंभरांचे टाकता येत नाही. गिरणीच्या दारात बदली कामगार सकाळी उभा राहत असे आणि जॉबर बोट दाखवील त्याला आत घेतले जाई. त्या प्रथेविरुद्ध मुंबईचा कामगार संघटित होऊन लढला. भरती कार्यालयाच्या दारात फाईल घेऊन उभा असलेला पदवीधर त्या बदली कामगाराचाच वारस आहे. त्याच्या हाती पदवी आहे म्हणून तो आपल्या वर्गाचा नाही, अशी त्याची समजूत असेल, तर ती दूर करणे हे या कामाचे पहिले पाऊल होय.