टाचेवरचा मुलूख

इटली म्हणजे गुडघ्यापर्यंतचा बूट, हे आपण सगळेच शाळेत भूगोलाच्या तासाला शिकलो. त्या बुटाच्या टाचेवर पुलिया नावाचा प्रांत आहे. रोम, व्हेनिस पाहून परतणारी आपली मंडळी सहसा इथवर येत नाहीत. मीही गेले नसते. पण लेक नोकरीनिमित्त तिथल्या बारी शहरात राहते आणि गेल्या मे महिन्यात तिनं हट्टानं बोलावून घेतलं.

आपल्या बेळगावशी या भूमीचं एक जुनं नातं आहे बरं का! सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन याच प्रांतातल्या तारांतो बंदरात उतरली. तिच्यात मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन होती. याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये उत्तर इटलीत सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तारांतोचा धक्का पाहताना कॅम्पातली सकाळची कवायत आठवली आणि उगीचच ऊर भरून आला.

इथली माती तांबडी. एका अंगाला आद्रियातिक समुद्र, दुसऱ्या अंगाला आयोनियन. समुद्र दोन, पण गोड्या पाण्याची कायमची ओढ! चुनखडीचा दगड पावसाचं पाणी पोटात घेतो, वाहत्या नद्या फारच थोड्या. डोंगरापलीकडच्या सेले नदीचं पाणी बारीत पोचलं ते १९१५ साली. त्याआधी पावसाचं साठवलेलं पाणी हाच मोठा आधार. शेतातून वेचलेल्या दगडांचे गडगे सगळीकडे दिसतात. अल्बेरोबेल्लो गावची निमुळत्या छपरांची 'त्रुल्ली' घरंही अशीच, चुन्याशिवाय दगडावर दगड रचून बांधलेली.

अशा मुलखाचं जेवणही काटकसरीचंच. जुन्या बारीतल्या एका बोळात बायका दारातच लाकडी पाट मांडून 'ओरेक्किएत्ते' करतात. शब्दाचा अर्थ 'छोटे कान'. कणकेचा लहानसा तुकडा सुरीनं ओढायचा, अंगठ्यावर उलटा करायचा, की झाला कान! मला आमच्या आत्याच्या गव्हले-नखुल्या आठवल्या. पीठ आपल्या बन्सी रव्याच्या जातीच्या गव्हाचं, भिजवायला नुसतं पाणी. अंडं नाही, कारण गरिबाला ते परवडायचं नाही. दुसरा पदार्थ म्हणजे सुक्या बाकल्याचे दाणे शिजवून घोटलेलं, पिठल्यासारखं दाट वरण आणि सोबत कडवट रानभाजी. या सगळ्यावर ऑलिव्हच्या तेलाची सढळ धार. या तेलावाचून इथलं पान पुरं होत नाही.

म्हणूनच पुढे जे पाहिलं ते मनाला लागलं. लेकीच्या मैत्रिणीची आजी गाल्लीपोलीजवळच्या खेड्यात राहते. बारीहून निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना हिरव्यागार बागा होत्या. पीळ पडलेली, शेकडो वर्षांची खोडं. लेच्चे शहर मागे टाकलं आणि झाडं राखाडी झाली. पान नाही, सावली नाही. मैलोगणिक नुसते सांगाडे!

२०१३ साली गाल्लीपोलीच्या परिसरात झायलेल्ला नावाचा जिवाणू सापडला. मध्य अमेरिकेतून आलेल्या एखाद्या कॉफीच्या रोपाबरोबर तो आला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. फेस करणारा एक लहानसा किडा तो झाडाझाडांत पसरवतो. जिवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करतो आणि झाड उभ्याउभ्या तहानेनं मरतं. लागण झालेलं झाड बरं करणारं औषध अजून नाही. रोगाची झळ लागलेली झाडं दोन कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे. एके काळी याच गाल्लीपोलीचं तेल जहाजांनी लंडनला जाई, तिथले दिवे त्यावर जळत!

आजी ऐंशीच्या पुढच्या. लेक मध्ये बसून भाषांतर करत होती. सरकारनं रोगट झाडं तोडायला सांगितली तेव्हा गावोगावचे लोक आडवे आले, आजीही त्यांतल्याच. "आजोबांनी लावलेलं झाड मी कसं तोडू? ते वाचेल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "शेजाऱ्याचीही गेली. तेव्हा ऐकलं असतं तर..." पुढचं लेकीनं भाषांतर केलं नाही, मलाही विचारवलं नाही.

जेवायला तेच बाकल्याचं वरण होतं. आजींनी तेलाची बाटली उचलली आणि ओशाळून म्हणाल्या, "विकतचं आहे हं." जन्मभर घरचं तेल वाढलेल्या बाईला ते सांगताना किती जड गेलं असेल!

निघताना त्यांनी परसात नेलं. कमरेएवढ्या रोपांची एक ओळ होती. लेच्चिनो आणि फावोलोसा, या रोगापुढे बऱ्यापैकी तग धरणाऱ्या जाती. फळ कधी येणार, असं मी विचारलं. "तीन-चार वर्षांत. नातीला मिळेल," म्हणाल्या आणि झारी उचलून पाणी घालू लागल्या.

घरी आल्यावर बन्सी रव्याचे ते कान करून पाहिले. लसूण, सुकी मिरची आणि मुळ्याचा पाला घातला. वाकडेतिकडे झाले, पण घरच्यांनी चाटूनपुसून खाल्ले. तेलाची धार धरताना मात्र माझा हात जरा आखडलाच.