दुआ की टोमणा?

गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत कॅथलिक चर्च शतकानुशतके यहुद्यांना ‘परफिदिस’ म्हणत आले. समर्थक सांगतात, अर्थ फक्त ‘श्रद्धा न ठेवणारे’. मी भाषा शिकवतो. शब्दाचा अर्थ कोशापेक्षा ऐकणाऱ्याच्या कानात ठरतो, आणि लोकांनी ‘विश्वासघातकी’च ऐकले. १९५९ साली पोप जॉन तेविसावे यांनी तो शब्द काढला. १९७० च्या प्रार्थनेत यहुदी हे देवाने ज्यांच्याशी प्रथम संवाद साधला ते लोक झाले. मग २००८ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या लॅटिन विधीसाठी नवी प्रार्थना लिहिताना, यहुद्यांनी येशूला तारणहार मानावे, ही याचना का ठेवली? शेजाऱ्यासाठी दुआ जरूर मागा, पण त्याचा ईमान चुकीचा ठरवून मागाल तर त्याला तो टोमणाच वाटेल. जुम्म्याला आपल्या मिंबरवरून दुसऱ्या कौमसाठी बद्दुआ ऐकू आली, तर ‘आमीन’ म्हणण्यापूर्वी आपणही थांबायला हवे.